बिर्गिट प्रिन्झ : गोलांची सम्राज्ञी, प्रसिद्धीपासून दूर

जर्मन फुटबॉल म्हटले की फ्रान्झ बेकेनबाउर, गेर्ड म्युलर, लोथार माथेउस, मिरोस्लाव क्लोझे ही नावे आपल्याकडच्या क्रीडारसिकांच्या ओठांवर सहज येतात. माथेउस जर्मनीकडून १५० आंतरराष्ट्रीय सामने खेळला, तर क्लोझेने ७१ गोल केले. त्या देशाच्या पुरुष फुटबॉलमधील हे उच्चांक आहेत. मात्र त्याच देशाच्या महिला संघाकडून २१४ सामने खेळलेल्या आणि १२८ गोल केलेल्या खेळाडूचे नाव या मालिकेत क्वचितच घेतले जाते. ही खेळाडू म्हणजे बिर्गिट प्रिन्झ. दोन विश्वचषक, पाच युरोपीय अजिंक्यपदे, तीन ऑलिम्पिक कांस्यपदके आणि सलग तीन वर्षे जगातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा किताब, अशी तिची कारकीर्द आहे.

प्रिन्झची कहाणी केवळ आकड्यांची नाही. १९९४ ते २०११ या सतरा वर्षांत जर्मनीतील महिला फुटबॉल रिकाम्या गॅलऱ्यांमधून भरलेल्या ऑलिम्पिक स्टेडियमपर्यंत पोहोचले. या प्रवासाचा चेहरा प्रिन्झ होती. गंमत अशी, की चेहरा होण्याची हौस तिला कधीच नव्हती. मुलाखती, कॅमेरे आणि जाहिराती यांपासून चार हात लांब राहू पाहणाऱ्या या मुलीच्या खांद्यावर एका अख्ख्या खेळाच्या लोकप्रियतेचा भार आला. तो तिने दीर्घकाळ वाहिला आणि अखेरीस त्याची किंमतही मोजली.

बंदीपासून कॉफीच्या कपांपर्यंत

प्रिन्झचे मोल समजण्यासाठी आधीचा इतिहास पाहावा लागतो. पश्चिम जर्मनीने १९५४ मध्ये पुरुषांचा विश्वचषक जिंकला आणि देशभर फुटबॉलची लाट उसळली. त्यानंतर वर्षभरातच, १९५५ मध्ये, जर्मन फुटबॉल महासंघाने आपल्या संलग्न क्लबांना महिलांचे संघ बाळगण्यास आणि त्यांना मैदाने देण्यास मनाई केली. हा खेळ स्त्रीच्या शरीराला आणि स्वभावाला मानवणारा नाही, असे कारण देण्यात आले. ही बंदी १९७० मध्ये उठली, पण अटींसह. सामना साठ मिनिटांचा, चेंडू हलका आणि बुटांना खिळे नाहीत, असे ते नियम होते.

महिलांच्या राष्ट्रीय संघाचा पहिला अधिकृत सामना १९८२ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध झाला. सात वर्षांनी, १९८९ मध्ये, या संघाने मायदेशी युरोपीय अजिंक्यपद पटकावले, तेव्हा महासंघाने प्रत्येक खेळाडूला बक्षीस म्हणून कॉफीच्या कपबशांचा संच दिला. हा संच आज जर्मनीत महिला खेळाडूंच्या उपेक्षेचे प्रतीक मानला जातो. महिलांची बुंडेसलिगा सुरू झाली ती १९९० मध्ये. प्रिन्झ तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती.

फ्रँकफर्टची मुलगी

बिर्गिट प्रिन्झचा जन्म २५ ऑक्टोबर १९७७ रोजी फ्रँकफर्ट येथे झाला. शहराच्या परिसरातील छोट्या क्लबांतून तिने खेळाला सुरुवात केली. १९९३ मध्ये ती एफएसव्ही फ्रँकफर्ट या क्लबात दाखल झाली. या क्लबाकडून तिने १९९५ आणि १९९८ मध्ये बुंडेसलिगा, तर १९९५ आणि १९९६ मध्ये जर्मन चषक जिंकला. १९९७ आणि १९९८ या दोन्ही मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक गोल तिच्याच नावावर होते.

१९९८ मध्ये ती शहरातल्याच १. एफएफसी फ्रँकफर्ट या क्लबात गेली. केवळ महिला फुटबॉलसाठी त्याच वर्षी स्वतंत्रपणे उभा राहिलेला हा क्लब पुढची दहा वर्षे जर्मनीवर आणि युरोपवर राज्य करणार होता. युरोपीय महासंघाने महिला क्लबांसाठी सुरू केलेला चषक पहिल्याच वर्षी, २००२ मध्ये, फ्रँकफर्टने जिंकला. अंतिम सामन्यात स्वीडनच्या उमेओ क्लबावर २-० अशी मात करताना त्यातला एक गोल प्रिन्झने केला. २००६ आणि २००८ मध्ये हा चषक पुन्हा फ्रँकफर्टकडे आला. २००८ च्या अंतिम फेरीचा दुसरा सामना पाहण्यासाठी फ्रँकफर्टच्या मोठ्या स्टेडियमवर २७ हजार ६४० प्रेक्षक जमले होते. युरोपातील महिला क्लब सामन्याच्या गर्दीचा तो त्या वेळचा विक्रम होता.

मध्यंतरी, २००२ मध्ये, तिने अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये कॅरोलायना करेज या संघाकडून खेळून तिथलेही विजेतेपद मिळवले. एरवी तिने आपले शहर सोडले नाही. बुंडेसलिगातील २८२ सामन्यांत २५९ गोल, नऊ लीग विजेतेपदे आणि दहा जर्मन चषक ही तिची क्लब पातळीवरील शिल्लक आहे.

सोळाव्या वर्षी पहिला गोल

राष्ट्रीय संघात तिने पाऊल ठेवले ते जुलै १९९४ मध्ये, कॅनडाविरुद्धच्या सामन्यात. वय वर्षे सोळा. हाइडी मोर ही त्या काळातील जर्मनीची सर्वांत यशस्वी आघाडीपटू. ७२ व्या मिनिटाला मोरला बाहेर बोलावून प्रशिक्षकांनी प्रिन्झला मैदानात उतरवले आणि ८९ व्या मिनिटाला तिने विजयी गोल केला. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सूत्रे जाण्याचा तो क्षण होता, हे मागे वळून पाहताना जाणवते.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध तिने गोल केला आणि जर्मनीने ३-२ असा विजय मिळवला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ती सतराव्या वर्षी खेळली. नॉर्वेने जर्मनीला २-० असे हरवले, पण विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इतक्या लहान वयात खेळलेली महिला खेळाडू तोवर दुसरी नव्हती. त्या संघाची कर्णधार होती सिल्विया नाईड. हे नाव प्रिन्झच्या कारकिर्दीच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

सुमारे १७९ सेंटिमीटर उंची, भक्कम शरीरयष्टी आणि त्या मानाने विलक्षण वेग, ही प्रिन्झची बलस्थाने. बचावपटूला अंगावर घेत चेंडू ताब्यात ठेवणे, क्षणात वळणे आणि दोन्ही पायांनी तितकाच जोरकस फटका मारणे हे तिच्या खेळाचे वैशिष्ट्य. ब्राझीलच्या मार्तासारखी पदलालित्याची जादू तिच्याकडे नव्हती. तिचा खेळ सरळ, नेमका आणि निर्दय होता. गोल करणे हे काम आहे आणि ते चोख पार पाडायचे, असाच तिचा एकंदर आविर्भाव असे.

२००३ : जगज्जेतेपद

१९९९ च्या विश्वचषकात अमेरिकेने जर्मनीला उपांत्यपूर्व फेरीतच गारद केले होते. चार वर्षांनी, २००३ मध्ये, स्पर्धा पुन्हा अमेरिकेतच भरली. या वेळी टिना थेउने यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या जर्मन संघाने उपांत्य फेरीत यजमानांना ३-० असे नमवले. त्यातला अखेरचा गोल प्रिन्झचा होता. अंतिम सामन्यात स्वीडनशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर जादा वेळेत निया कुंझरने हेडरद्वारे ‘गोल्डन गोल’ केला आणि जर्मनीच्या महिला प्रथमच जगज्जेत्या झाल्या.

स्पर्धेत सात गोल करणारी प्रिन्झ सर्वाधिक गोलांची आणि सर्वोत्तम खेळाडूची, अशा दोन्ही पारितोषिकांची मानकरी ठरली. मायदेशात हा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. चौदा वर्षांपूर्वी कपबशांवर बोळवण झालेल्या खेळाला घराघरांत जागा मिळाली ती त्या रात्री. त्याच वर्षी प्रिन्झला ‘फिफा’चा सर्वोत्तम महिला खेळाडूचा किताब मिळाला. २००४ आणि २००५ मध्येही तो तिच्याकडेच राहिला. जर्मनीतील वर्षातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून तर २००१ पासून २००८ पर्यंत सलग आठ वर्षे तिचीच निवड झाली.

पेरुजाला नकार

या यशाने तिच्या दारात एक अजब प्रस्ताव आणून ठेवला. इटलीतील पेरुजा या पुरुषांच्या अव्वल क्लबाचे अध्यक्ष लुचानो गाऊच्ची यांनी प्रिन्झला आपल्या संघात घेण्याची तयारी दाखवली. पुरुषांबरोबर, पुरुषांच्या लीगमध्ये. गाऊच्ची हे धक्कातंत्रासाठी प्रसिद्ध होते. लिबियाचे हुकूमशहा गडाफी यांच्या मुलाला त्यांनी त्याच वर्षी करारबद्ध केले होते. प्रिन्झला मिळू शकणारे मानधन महिला फुटबॉलमध्ये कल्पनेपलीकडचे होते आणि जगभरच्या वृत्तपत्रांना तर आयतीच बातमी मिळाली होती.

प्रिन्झने विचार केला आणि २००३ च्या अखेरीस नकार कळवला. केवळ प्रसिद्धीसाठी करारबद्ध होऊन राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहण्यात तिला स्वारस्य नव्हते. तिला खेळायचे होते. वर्षभरातच, २००४ च्या डिसेंबरमध्ये, मेक्सिकोच्या मारिबेल डोमिंगेझला पुरुषांच्या क्लबात घेण्याचा प्रयत्न ‘फिफा’ने रोखला आणि स्त्री-पुरुषांच्या फुटबॉलची सीमारेषा कायम राहील, असे ठणकावून सांगितले. प्रिन्झचा नकार काहींना त्या वेळी संधी दवडल्यासारखा वाटला असेल. पण महिला फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूने पुरुषांच्या मैदानात शोभेची बाहुली होण्यापेक्षा आपल्याच मैदानात सम्राज्ञी राहणे पसंत केले, याचा अर्थ आज अधिक स्पष्टपणे कळतो. महिलांचे फुटबॉल ही पुरुषांच्या फुटबॉलकडे जाणारी पायरी नाही, हेच त्या नकाराने सांगितले.

शांघायमधील शिखर

२००३ नंतर संघाचे नेतृत्व प्रिन्झकडे आले. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये चीनचा ८-० असा धुव्वा उडवताना तिने एकटीने चार गोल केले. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात नॉर्वेविरुद्धही तिचा गोल होता.

कारकिर्दीचे शिखर आले ते २००७ मध्ये चीनमध्ये. सलामीलाच जर्मनीने अर्जेंटिनावर ११ गोल चढवले आणि त्यातले तीन कर्णधाराचे होते. शांघायमधील अंतिम सामन्यात समोर ब्राझील होता, मार्ता होती आणि जगाची सहानुभूतीही बऱ्याच अंशी ब्राझीलच्या कलात्मक खेळाकडे होती. ५२ व्या मिनिटाला प्रिन्झने गोल करून कोंडी फोडली. मार्ताची पेनल्टी गोलरक्षक नादिन आंगेररने अडवली आणि शेवटी सिमोन लाउडरने दुसरा गोल केला. सबंध स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता जर्मनीने विजेतेपद राखले. महिलांचा विश्वचषक लागोपाठ दोनदा जिंकणारा हा पहिलाच संघ होता.

याच स्पर्धेत प्रिन्झच्या विश्वचषकातील गोलांची संख्या १४ वर गेली. तो त्या वेळचा विक्रम होता. पुढे, २०१५ मध्ये, मार्ताने तो मोडला. वैयक्तिक पुरस्कारांचे पारडे मात्र आधीच मार्ताकडे झुकले होते. २००७ पासून २०१० पर्यंत सलग चार वर्षे ‘फिफा’च्या निवडीत मार्ता पहिली आणि प्रिन्झ दुसरी राहिली.

नकोशी झालेली ओळख

प्रिन्झची लोकप्रियता हा एक वेगळाच विषय आहे. तिच्या गोलांनी स्टेडियम भरू लागले, शाळकरी मुली क्लबांकडे वळू लागल्या. २०११ च्या विश्वचषकाच्या निमित्ताने तर खेळणी बनवणाऱ्या कंपनीने तिच्या रूपातील बार्बी बाहुलीही घडवली. परंतु या सगळ्यात ती कधी रमली नाही. खासगी आयुष्य तिने कटाक्षाने खासगी ठेवले. मैदानावर ती धसमुसळी आणि करारी, तर पत्रकार परिषदेत मोजके बोलणारी होती. खेळाडू म्हणून बहरात असतानाच तिने फिजिओथेरपीचे प्रशिक्षण घेतले आणि पुढे फ्रँकफर्टच्या विद्यापीठातून मानसशास्त्राची पदवी मिळवली. महिला फुटबॉलपटूला निवृत्तीनंतर पोटापाण्याची सोय स्वतःच करावी लागते, हे वास्तव होतेच. पण चेंडूपलीकडेही आपले आयुष्य आहे, ही जाणीवही त्यामागे होती.

घरचे मैदान, अखेरचा सामना

२०११ चा विश्वचषक जर्मनीत भरला. तिसऱ्या विजेतेपदाची अपेक्षा सर्वत्र होती. भिंतींवर, मासिकांवर, जाहिरातींत महिला खेळाडू झळकत होत्या आणि त्या सगळ्यांच्या केंद्रस्थानी ३३ वर्षांची कर्णधार होती. २६ जून रोजी बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर ७३ हजार ६८० प्रेक्षकांसमोर सलामीचा सामना झाला. जर्मनीने कॅनडाला २-१ असे हरवले, पण प्रिन्झला सूर सापडला नाही आणि तिला दुसऱ्या सत्रात बाहेर बोलावण्यात आले.

चार दिवसांनी, ३० जून रोजी, सामना होता तिच्याच फ्रँकफर्टमध्ये, नायजेरियाविरुद्ध. पुन्हा तेच घडले. दुसरे सत्र सुरू होऊन काही मिनिटेच झाली असताना तिच्या जागी अलेक्सांड्रा पॉपला पाठवण्यात आले. निर्णय होता प्रशिक्षक सिल्विया नाईड यांचा. १९९५ च्या अंतिम सामन्यात सतरा वर्षांच्या प्रिन्झबरोबर खेळलेल्या कर्णधार नाईड. मान खाली घालून मैदानाबाहेर येणाऱ्या प्रिन्झचे चित्र देशभर दिसले. तिला खेळवावे की नाही, हा दुसऱ्या दिवसापासून राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. महिला फुटबॉलकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, तेव्हा अशी चर्चा झालीच नसती. ज्या लोकप्रियतेसाठी तिने सतरा वर्षे गोल केले, तिचीच ही दुसरी बाजू होती.

फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात ती बाकावर राहिली. उपांत्यपूर्व फेरीत जपानविरुद्धही तिला संधी मिळाली नाही. जादा वेळेत कारिना मारुयामाच्या गोलने जर्मनीचे आव्हान संपले. दूरचित्रवाणीवर हा सामना सुमारे १ कोटी ७० लाख जर्मनांनी पाहिला. पुढे जपानने विश्वचषक जिंकला, तर जर्मनीला लंडन ऑलिम्पिकची पात्रताही गमवावी लागली. ऑगस्ट २०११ मध्ये प्रिन्झने निवृत्ती जाहीर केली. जन्मगावी खेळलेला नायजेरियाविरुद्धचा सामना हाच तिचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

दुसरी खेळी

अशा शेवटानंतर अनेक खेळाडू कडवटपणात हरवतात, किंवा समालोचकाच्या खुर्चीत बसून हिशेब चुकते करतात. प्रिन्झने तसे काही केले नाही. २०१२ मध्ये ती होफेनहाइम क्लबात क्रीडा मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली. पुढे जर्मनीच्या महिला राष्ट्रीय संघानेही तिला याच जबाबदारीवर बोलावले. २०१९ चा विश्वचषक आणि २०२२ ची युरोपीय स्पर्धा या दोन्ही वेळी ती संघासोबत होती. २०२२ मध्ये वेम्बलीवर ८७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणाऱ्या जर्मन संघात तीच अलेक्सांड्रा पॉप कर्णधार होती, जिच्यासाठी ११ वर्षांपूर्वी प्रिन्झला मैदान सोडावे लागले होते. दुर्दैवाने सराव करतानाच दुखापत झाल्याने पॉपला तो सामना खेळता आला नाही.

बाकावर बसावे लागलेल्या खेळाडूच्या मनात काय चालते, हजारो डोळ्यांचे ओझे कसे वाटते, हे पुस्तकातून शिकता येते. प्रिन्झ ते आपल्या अनुभवातूनही शिकली होती. तिच्या २१४ सामन्यांचा आणि १२८ गोलांचा विक्रम जर्मनीत अजून अबाधित आहे. कधीतरी तोही मोडेल. मात्र कपबशांच्या बक्षिसापासून भरगच्च स्टेडियमपर्यंतची वाट जिच्या गोलांनी रुंद झाली, ती स्वतः त्या वाटेच्या कडेला शांतपणे उभी राहून पुढच्या मुलींना आधार देते, हे चित्र कोणत्याही विक्रमाहून मोठे आहे.

दृष्टिक्षेपात कारकीर्द

जन्म : २५ ऑक्टोबर १९७७, फ्रँकफर्ट
आंतरराष्ट्रीय सामने : २१४, गोल : १२८ (१९९४ ते २०११)
विश्वचषक : विजेतेपद २००३, २००७, उपविजेतेपद १९९५
विश्वचषकातील गोल : १४
युरोपीय अजिंक्यपद : १९९५, १९९७, २००१, २००५, २००९
ऑलिम्पिक कांस्यपदक : २०००, २००४, २००८
‘फिफा’ सर्वोत्तम महिला खेळाडू : २००३, २००४, २००५
क्लब : एफएसव्ही फ्रँकफर्ट, १. एफएफसी फ्रँकफर्ट, कॅरोलायना करेज
युरोपीय क्लब चषक : २००२, २००६, २००८